आधी आवळ, मग खूण

घास तोंडात घातला आणि मला चोवीसचं सॉकेट आठवलं.

म्हणजे ते नाही, हे आठवलं. माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये प्रत्येक सॉकेटला त्याच्या मापाचा खळगा आहे, आणि चोवीसच्या खळग्यात चार दिवसांपासून काहीच नाही. जुन्याला तडा गेला म्हणून मी ते स्टोअरमध्ये जमा केलं होतं. नवीन यायचं होतं. मग आज सकाळी त्या क्रूझर मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा मोठा नट मी आवळला कशानं?

घास गिळवेना, थुंकवेना.

"काय हो, मीठ जास्त झालंय का?" शेजारी डबा उघडून बसलेला पेंटर म्हणाला.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. डबा तसाच उघडा टाकून मी उठलो.

मी मोटरसायकलच्या शोरूममागच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. एकतीस वर्षं एकच काम. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी तिचा नट न् नट ठरलेल्या जोरानं आवळायचा. त्यासाठी एक पाना असतो, टॉर्क रेंच म्हणतात त्याला; त्याच्या टोकाला नटाच्या मापाचं सॉकेट, म्हणजे लोखंडी टोपी, बसवायचं. नट पुरेसा बसला की तो 'टक्' असा आवाज करतो. तो टक् ऐकला की नटावर पिवळ्या पेंट-पेननं एक रेघ ओढायची. रेघ नटावर सुरू होते आणि शेजारच्या लोखंडावर उतरते. उद्या नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ती रेघ म्हणजे माझा शब्द. माझ्या शर्टाच्या खिशावर त्या पेनचा पिवळा डाग कायमचा आहे. बायकोनं शर्ट बदलून पाहिले, पेन ठेवायची जागा काही बदलली नाही.

वर्कशॉपमध्ये मला 'दोनदा' म्हणतात. सगळं दोनदा बघतो म्हणून. घराला कुलूप लावून जिना उतरतो आणि ते ओढून बघायला पुन्हा चढतो. बायको पाहुण्यांना सांगते, या माणसानं मला लग्नाचंही दोनदा विचारलं. खरं आहे ते. पहिल्यांदा तिचा होकार नीट ऐकू आला नव्हता. मी भित्रा आहे, लपवून काय करू? पण या कामाला भित्राच माणूस लागतो. शूर माणसानं आवळलेल्या गाडीवर मी बसणार नाही.

नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट घोकून घेतो: आधी आवळ, मग खूण. कितीही घाई असू दे, छप्पर कोसळू दे, आधी आवळ, मग खूण.

आणि आज सकाळी मी आधी खूण केली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याला कारण ते पेन. आमच्या स्टोअरवाल्या बाई महिन्याला एकच पेन देतात. जणू त्यांच्या माहेरून येतात पेनं! महिना संपत आला की टोक वाळतं. मग ते झटका, दाबा, घासा, त्याच्या मिनतवाऱ्या करा. आज सकाळी चेनचा ताण बसवण्यासाठी मी मागचा नट रिंग पान्यानं सैल केला, चेन बसवली, आणि टॉर्क रेंचला लावायला चोवीसचं सॉकेट हवं म्हणून उठणार, तेवढ्यात पेन झटकून पाहिलं तर ते चक्क वाहायला लागलं. म्हटलं, आता थांबलो तर पुन्हा वाळेल. भराभर सगळ्या नटांवर रेघा ओढून घेतल्या. मागच्या चाकाच्या नटावरसुद्धा. एवढं एक सॉकेट आणून लगेच आवळतो, असं मनाशी म्हटलं. म्हटलेलं अगदी स्पष्ट आठवतंय.

आणि टेलर आले.

टेलर म्हणजे त्या गाडीचे गिऱ्हाईक. बाजारामागच्या गल्लीत कोट शिवतात. उंची बेताची, म्हणजे अगदीच बेताची. गळ्यात मोजायचा टेप कायम. परवाना तरुणपणीच काढलेला, पण गाडी कधी घेतली नाही, कारण कुठल्याही सीटवर बसलं की टाचा हवेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी शोरूममध्ये ही क्रूझर पाहिली. इंजिन लहान, एकशे ऐंशीचं, पण थाट सगळा जुन्या मोठ्या गाड्यांचा. थेंबासारखी टाकी, तिच्यावरच पेट्रोलचा काटा, तारांची चाकं, गोल दिवा, उंच हँडल, पाय पुढे टाकून आरामात बसायचं. टेलरनी यातलं काही पाहिलं नाही. गळ्यातला टेप काढून सीटपासून जमिनीपर्यंत धरला आणि म्हणाले, "एकोणतीस. बूट घातले की माझे पाय अठ्ठावीस. एक इंच गादी दबेल. जमलं!"

त्यांच्या बाईंचा उजवा गुडघा नीट वाकत नाही. मागे टेकायला गादी आहे, हे बघितल्यावर त्या प्रथमच हसल्या. "म्हणजे हे जोरात निघाले तरी मी मागे सांडणार नाही," म्हणाल्या.

आज सकाळी टेलर नऊलाच हजर. पुन्हा टेप लावला. "रात्रीत वाढली नाही ना?" म्हणाले. मग हे बटण कशाचं, हा खटका कशाचा, आणि पेट्रोल संपत आलं की ही तोटी कुठे फिरवायची. मी सगळं सांगितलं. मला ते गिऱ्हाईक आवडतं, काय करणार! त्यानंतर गाडी धुवायला गेली. अकरा वाजता दोघं गाडी घेऊन निघाले, थेट घाटापलीकडे बाईंच्या बहिणीकडे, गाडी दाखवायला.

या सगळ्यात सॉकेट कुठेच नाही. पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. टेलर, बटणं, धुणं, फाटकातून बाहेर पडणारी गाडी. सॉकेट नाही, आणि टक् नाही.

मागचा नट सैल असेल तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही. गाडी छान चालते. चढाला इंजिन चेन ओढतं, चेन चाकाला ओढते, चाक हळूहळू तिरकं होतं. मग घाटमाथा ओलांडून उतार लागतो, माणूस ब्रेक दाबतो, आणि... याच्या पुढचं मी नव्या पोरांना शिकवतानासुद्धा कधी पूर्ण सांगितलं नाही. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

टेलरना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तेच. शोरूममध्ये विक्रीला असते ती मुलगी काउंटरवर होती. तिला विचारलं, "गाडीवर असताना त्यांना फोन कळेल का गं?"

"नाही काका. या गाडीत फोन जोडायची सोय नाही. जुन्या थाटाची ना ती! तीच तर तिची मजा आहे."

मला काही मजा वाटली नाही.

खरं तर तिथल्या तिथे साहेबांच्या केबिनमध्ये जायला हवं होतं. साहेबांनी दहा ठिकाणी फोन केले असते, कुणीतरी त्यांना वाटेत अडवलं असतं. मी दारापर्यंत गेलोही. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "साहेब, पोट बिघडलंय. घरी जातो." दोन माणसांचा जीव टांगणीला आणि मी माझी एकतीस वर्षांची अब्रू सांभाळत होतो. हे सांगताना आजही लाज वाटते.

"जा काका. चेहरा बघा कसा पांढरा पडलाय," साहेब म्हणाले. ते बिचारे भले माणूस.

स्टोअरचं दार बंद होतं, बाई जेवायला घरी गेलेल्या. मी चोवीसचा रिंग पाना पँटच्या मागच्या खिशात खोचला आणि स्कूटर काढली.

माझी स्कूटर चाळीसच्या वर कधी गेली नव्हती. तिलाही ठाऊक नसेल की तिला जाता येतं. त्या दिवशी मी तिला सत्तरला नेलं. ती सगळ्या अंगानं थरथरत होती आणि मीही. एक गोष्ट बरी होती. नव्या गाडीला पहिले हजार किलोमीटर जोरात पळवायचं नाही, हे मी टेलरना स्वतः बजावलं होतं. माणूस मापाचा पक्का आहे, ऐकेल. पण मन चिंती ते वैरी न चिंती. वळणावळणाला मला रस्त्यावर काहीतरी चकाकताना दिसायचं, आणि जवळ गेलं की फुटकी बाटली नाही तर पत्र्याचा तुकडा निघायचा.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर गर्दी दिसली. गाड्या थांबलेल्या, माणसं रस्त्यावर वाकून काहीतरी उचलत होती. मी स्कूटर उभी केली की तशीच सोडली, आठवत नाही. एका माणसाचा दंड धरला. "कोण... किती लागलंय?"

"अहो, लागलं कुणालाच नाही! ट्रकमधून खुर्च्या पडल्या. धरा, ती तेवढी उचला."

प्लास्टिकच्या लाल खुर्च्या होत्या. एक उचलून मी कडेला नेली आणि तिच्यावरच बसलो. उठायला जरा वेळ लागला.

घाटमाथ्यावर, उतार लागतो त्याच्या अलीकडे, चहाची टपरी आहे. तिथे कठड्याला लागून क्रूझर उभी होती. सरळ, चकचकीत, दोन चाकांवर. टेलर बाकावर चहा पीत होते. बाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि एक हात पुढे करून रुमालानं गाडीचं क्रोम पुसत होत्या.

"अरे! दोनदा!" टेलर ओरडले. "तुम्ही इकडे कसे?"

"सहज," मी म्हणालो. "नवी गाडी बघायला. तपासायला. फुकट असतं ते."

"डोंगरावर येऊन?" बाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल थांबवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या फसणाऱ्यातल्या नव्हत्या.

गाडीमागे जाऊन गुडघ्यावर बसलो. नटाकडे पाहिलं.

रेघ तुटलेली होती. नटावरचा अर्धा भाग आणि लोखंडावरचा अर्धा भाग, दोन्हींमध्ये चांगलं पाव वेढ्याचं अंतर. नट फिरला होता. याच नटावर ही दोघं चढ चढून आली होती, आणि आता समोर उतार होता.

खिशातून पाना काढायला तीन प्रयत्न लागले. नटावर चढवला, ओढला. हलला नाही. जोर लावला. हलला नाही. पायाचा आधार घेऊन ओढलं, तर अख्खी गाडी कलली. टेलर चहा सांडत धावले, "अहो, अहो, रंग जाईल!"

घट्ट होता. दगडासारखा घट्ट.

माझा जीव भांड्यात पडला आणि डोळ्यांतून पाणी आलं. अक्षरशः आलं. मग मी खरं सांगितलं. म्हटलं, "टेलर, मला वाटलं, हा नट आवळायचा राहिला. तुम्हा दोघांना मी मारलं, असं वाटलं."

टेलर खाली बसले, माझ्या शेजारी, मातीत, नव्या पँटनिशी. "मी एकदा एका नवरदेवाच्या कोटातला कच्चा धागा काढायचाच विसरलो होतो," म्हणाले. "भर समारंभात त्यानं हात वर केला आणि बाही हातात आली. मी आठ दिवस दुकान उघडलं नाही. होतं हो असं!"

"बाही गेल्यानं कुणी मरत नाही."

"नवरदेव मेल्यासारखाच झाला होता," बाई म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. तुमचे हात थांबेपर्यंत आम्ही काही इथून हलत नाही." आणि खरंच, माझे हात थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग टेलर गाडीवर बसले, दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकवून माझ्याकडे अभिमानानं पाहिलं, आणि त्या दोघांना घेऊन ती गाडी गुरगुरत, सावकाश, उतारावरून खाली गेली.

परतताना मी शीळ घालत होतो. मला शीळ घालता येत नाही, नुसता वारा निघतो, पण घालत होतो. खुर्च्यांचा ट्रकही निघून गेला होता. पहिल्या वळणावर मनात आलं, नट तर फिरलेला होता. दुसऱ्या वळणावर कळलं, तो फिरला होता आवळायच्या बाजूला. म्हणजे रेघ ओढल्यानंतर कुणीतरी तो आवळला होता, व्यवस्थित, टॉर्क रेंचनं. माझ्या गाडीला दुसरं कुणी हात लावत नाही. मग ते मीच.

पण कधी?

तिसऱ्या वळणावर शीळ थांबली.

माझा थोरला भाऊ बस चालवायचा. एकसष्टाव्या वर्षी एका सकाळी त्यानं भरलेली बस वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या रस्त्यानं नेली. माणसं ओरडत होती आणि हा आरशात बघून म्हणत होता, बसा, बसा, येतोय तुमचा थांबा. आता घरीच असतो. वहिनी बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावते. त्याचं सुरू झालं तेव्हा आधी काय झालं होतं, हे मी वहिनीला कधी विचारलं नव्हतं. त्या वळणावर मला ते विचारावंसं वाटलं, आणि विचारायची भीतीही वाटली. जाताना मला दुसऱ्यांच्या जिवाची भीती होती. तिला जागा तरी होती, तिच्यामागे स्कूटर पळवता येत होती. आताची भीती माझ्याबरोबर सीटवर बसली होती.

वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. स्टोअरच्या खिडकीत बाई होत्या.

"काय हो दोनदा, पोट दोनदा बिघडलं का? घरी गेलेला माणूस परत कसा?"

एरवी मी काहीतरी उलट बोललो असतो. आज म्हटलं, "बाई, ते चोवीसचं सॉकेट आलं का हो?"

त्या हसल्या. "चेष्टा करताय?"

"नाही हो. सांगा ना."

"अहो, सकाळीच नाही का दिलं? साडेनऊला तुम्ही इथे खिडकीत आलात. डबी मीच फोडून दिली. तुम्ही म्हणालात, बाई, सॉकेट नवं दिलंत, आता पेनही द्या, म्हणजे तुमचा पुतळा उभा करतो. मी म्हटलं, पुतळ्यावर पिवळ्या रेघा ओढाल. तुम्ही केवढ्यानं हसलात! मग दहा मिनिटांत परत आणून दिलंत, पुसून. म्हणालात, ट्रेचा फोम फाटलाय, तुमच्याकडेच असू द्या. हे बघा." त्यांनी खणातून सॉकेट काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं.

नवंकोरं होतं. आतल्या कडेवर नटाची एक बारीक चरी उमटली होती. म्हणजे वापरलेलं.

मी ते हातात घेतलं. वजन ओळखीचं वाटेल म्हणून वाट पाहिली. पुतळा आठवेना. हसणं आठवेना. ती अख्खी दहा मिनिटं माझी नव्हतीच, दुसऱ्या कुणाची होती, आणि तो दुसरा माणूस माझ्यापेक्षा मजेत होता. काम त्यानं चोख केलं होतं. फक्त तुटलेली रेघ त्याला दिसली नव्हती, आणि मला ती दोन मैलांवरून दिसते.

"बाई," मी म्हणालो, "मला यातलं काहीच आठवत नाही."

त्या पुन्हा हसणार होत्या. माझ्याकडे पाहून थांबल्या. मग त्यांनी खिडकी बंद केली, दार उघडून बाहेर आल्या आणि मला आत स्टुलावर बसवलं. आठ वर्षांत त्या खोलीत त्यांनी कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. पाण्याचा पेला दिला. मी तो संपवल्यावर त्या म्हणाल्या, "साहेबांना तुम्ही सांगता की मी येऊ बरोबर?"

"मी सांगतो," म्हटलं. "पण तुम्ही दाराशी उभ्या राहा."

त्या राहिल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मी घड्याळ दोनदा काढलं. ते म्हणाले, एकदाच पुरे होतं. मग बायकोला बाजूला न नेता, माझ्यासमोरच म्हणाले की सुरुवात आहे, लवकर आलात हे चांगलं केलंत. बायकोनं माझा हात धरला होता. रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "आता कुलूप मी बघत जाईन. तुम्ही जिना चढायचा नाही." एवढंच म्हणाली. मग घरी पोचेपर्यंत रडली.

साहेबांनी मला काढलं नाही. म्हणाले, "हात तुमचाच, काका. खूण दुसऱ्यानं करायची." पेंटर तयार होता, धुणारा तयार होता. बाई म्हणाल्या, "पेनं माझी आहेत, खूण मीच करणार."

महिन्याभरानं टेलर पहिल्या सर्व्हिसिंगला आले. पाचशे बारा किलोमीटर. त्यांच्या बाई बरोबर होत्या, मागच्या गादीला टेकून, उन्हानं काळवंडलेल्या, एकदम खूश. मी गाडीमागे बसलो. ती तुटलेली रेघ अजून तशीच होती. मी नवं सॉकेट चढवलं आणि रेंच ओढला.

टक्.

"ऐकलंत?" मी विचारलं.

"ऐकलं," स्टोअरवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून पेन काढलं, झटकलं, माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. जुनी रेघ फडक्यानं पुसली आणि नवी ओढली. हात सवयीचा नव्हता, जराशी वाकडी आली.

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

मी दोनदा पाहिलं. "चालेल," म्हटलं, आणि पुढच्या नटाकडे सरकलो. हात आपोआप खिशाकडे गेला होता. तिथे फक्त पिवळा डाग होता.